सहा ते आठ भेटी

गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये काही वर्षांपूर्वी एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले. कुठल्या ना कुठल्या दुखण्यासाठी केंद्रात आलेल्या माणसांना नऊ प्रश्न विचारले गेले. ज्यांच्या उत्तरांवरून नैराश्य बऱ्यापैकी तीव्र असल्याचं दिसलं, अशा ४९५ जणांना कोणतीही निवड न करता दोन गटांत विभागलं. एका गटातल्या लोकांचं निदान त्यांच्या डॉक्टरांना कळवलं आणि पुढचे उपचार केंद्राच्या पद्धतीने होऊ दिले. दुसऱ्या गटाला हे सगळं मिळालंच, शिवाय सहा ते आठ भेटी मिळाल्या. आठवड्याला एक भेट, अर्धा-पाऊण तासाची, कधी केंद्रात, कधी घरी. भेटायला येणारी व्यक्ती डॉक्टरही नव्हती आणि मानसशास्त्राची पदवीधरही नव्हती. ती त्याच भागात राहणारी, तिथली भाषा बोलणारी, काही आठवड्यांचं प्रशिक्षण आणि नंतर काही महिन्यांची उमेदवारी केलेली अशी होती. तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी झाली, तेव्हा भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले होते. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

ही चाचणी ‘संगत’ या संस्थेने केली. १९९६ मध्ये गोव्यात तिची स्थापना झाली, आणि डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. बोलून आजार बरा होतो का, आणि होत असेल तर ते बोलणं गावच्या दवाखान्यात परवडेल का, या दोन्ही प्रश्नांना या चाचणीने आकड्यांत उत्तर दिलं आहे. महाराष्ट्राला या उत्तराची निकड आहे. बंगळुरूच्या ‘निमहान्स’ने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं आणि त्यातल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत कोणताच उपचार पोचत नाही. २०२२ मध्ये देशात झालेल्या १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. त्यातल्या सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रातल्या होत्या. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्य असतंच असं नाही, पण अनेकींमागे असतं, आणि तो आजार बरा होण्याजोगा असतो.

नैराश्य आणि दुःख यांत फरक असतो, हे आता बऱ्याच लोकांनी ऐकलेलं असतं. तो नेमका कुठे असतो, हे मात्र फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. घरातलं माणूस गेलं की घास उतरत नाही, रात्र सरत नाही. तरी तेराव्याच्या आत कुणीतरी गेलेल्याची एखादी खोड सांगतं आणि रडता रडता सगळे हसतात. नैराश्यात हे हसू येत नाही. नातवंड मांडीवर येऊन बसलं तरी आत काही हलत नाही, आणि ते हलत नाही याचा अपराधीपणा वर येऊन बसतो. डॉक्टर मंडळींची कसोटी अशी आहे: मन सतत खिन्न असणं किंवा कशातच गोडी न उरणं, या दोहोंपैकी एक तरी लक्षण हवं. त्याच्या जोडीला झोप बिघडणं, भूक जाणं किंवा अती वाढणं, थकवा, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, आपण कुचकामी आहोत ही भावना, लक्ष न लागणं आणि मरणाचे विचार यांतली काही हवीत. एकूण नवांपैकी पाच लक्षणं, बहुतेक सगळा दिवस, किमान दोन आठवडे, आणि कामाधंद्यात किंवा घरात अडथळा येण्याइतकी.

दवाखान्यात मात्र ही यादी कुणी म्हणून दाखवत नाही. डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, हातापायांत त्राण नाही, झोप लागत नाही, असंच ऐकू येतं. सकाळच्या ओपीडीत शंभर केसपेपर पुढ्यात असलेला डॉक्टर वेदनाशामक गोळी, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लिहून पुढच्याला बोलावतो. त्याला दोष देऊन भागणार नाही. थायरॉइड मंदावला, रक्त कमी झालं, बी-१२ घटलं तरी अशाच तक्रारी येतात, म्हणून रक्त तपासणं बरोबरच आहे. गडबड पुढे होते. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की “तुम्हाला काही झालेलं नाही” असं सांगितलं जातं. आपल्याला काही झालेलं नाही आणि तरी उठवत नाही, म्हणजे आपणच आळशी, आपणच वाईट, असा अर्थ आजारी माणूस लावतो. हा अर्थ लावणं हादेखील आजाराचाच भाग असतो.

नैराश्य मुळात कशामुळे येतं? अनुवंशाचा वाटा एक तृतीयांशाहून थोडा अधिक असल्याचं जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं. उरलेलं आयुष्यातून येतं. जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. मोठा आघात झाला की सगळ्याच बायका नैराश्यात जात नाहीत, असं त्यांना दिसलं. लहानपणी आई गेलेली, घरात तीन किंवा अधिक लहान मुलं, बाहेर काम नाही आणि मनातलं बोलायला जवळचं माणूस नाही, अशी परिस्थिती असली की आघात जिव्हारी लागतो. २००२ मध्ये पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या बाळंतिणींचा अभ्यास मांडला, त्यातही गरिबी, नवऱ्याशी बिनसलेले संबंध आणि मुलगाच हवा असताना झालेली मुलगी या गोष्टी नैराश्याशी जोडलेल्या निघाल्या. मेंदूत सेरोटोनिन कमी पडतं म्हणून नैराश्य येतं, हे सोपं स्पष्टीकरण बराच काळ दिलं गेलं. २०२२ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला गेला, तेव्हा त्याला ठोस आधार सापडला नाही. म्हणून गोळ्या निरुपयोगी ठरत नाहीत, त्याकडे पुढे येतो. पण ‘रसायन बिघडलंय’ एवढ्यावर हा आजार संपत नाही, हे मान्य करायला हवं.

आता त्या सहा ते आठ भेटींत काय होतं, ते पाहू. थेरपी म्हणजे कुणीतरी शहाण्या माणसाने चार उपदेश करणं किंवा मन मोकळं करून रडणं, अशी समजूत असेल तर ती इथे उपयोगी पडत नाही. गोव्यात वापरलेल्या पद्धतीचं सूत्र अगदी साधं आहे. नैराश्य आलं की माणूस एकेक गोष्ट सोडतो. आधी फिरायला जाणं, मग शेजारी बसणं, मग फोन उचलणं, मग आंघोळ. ज्यांतून थोडा आनंद किंवा ‘हे मी केलं’ असं समाधान मिळायचं, त्या साऱ्या गोष्टी बंद होतात. त्या बंद झाल्या की मन आणखी खाली जातं आणि आणखी काही सुटतं. बरं वाटलं की करीन, असं आजारी माणूस म्हणत राहतो. उपचार हा क्रम उलटा करतो: आधी करायचं, मन मागून येतं.

समजा, पन्नाशीची एक बाई आहे. पहिल्या भेटीत समुपदेशक ताई तिला सांगते की मावशी, हा आजार आहे, याला नाव आहे, आणि तो तुमच्या स्वभावाचा दोष नाही. पुढचे सात दिवस सकाळी, दुपारी, संध्याकाळी आपण काय केलं आणि तेव्हा कसं वाटलं, याची नोंद ठेवायची. लिहिता येत नसेल तर खुणा करायच्या. दुसऱ्या भेटीत ते टिपण दोघी बघतात. दिवसभर पडून राहिल्यावर संध्याकाळी सगळ्यात वाईट वाटतं आणि मंगळवारी बाजारातून भाजी आणली तेव्हा अर्धा तास जरा बरं होतं, हे तिच्याच खुणांतून तिला दिसतं. मग ठरतं ते अगदी छोटं काम: रोज पाच वाजता दारापुढे पाणी मारायचं, आठवड्यातून एकदा बहिणीला फोन करायचा. ठरलं ते झालं नाही, तर पुढच्या भेटीत रागवायचं नाही, का जमलं नाही ते शोधायचं. सून काय म्हणेल ही भीती होती? मग त्यावर बोलायचं. एकच विचार दिवसभर चघळला जात होता? तो सुरू झाला की त्या क्षणी हाताशी कोणतं काम घ्यायचं, ते ठरवायचं. दवाखान्याचं येणं-जाणं, रेशनकार्ड, मुलाची फी असे खरे प्रश्न असले तर ते सोडवायच्या पायऱ्याही त्याच भेटीत मांडायच्या.

एवढंच? असं वाचणाऱ्याला वाटेल. मानसशास्त्रज्ञांनाही वाटलं होतं. विचारांची उलटतपासणी करणारी बोधनिक उपचारपद्धती ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडली आणि पुढे तीच सर्वोत्तम मानली गेली. सिएटलमधल्या नील जेकबसन यांनी १९९६ मध्ये या पद्धतीचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा नुसत्या कृतीवर भर देणाऱ्या भागानेही जवळपास तितकाच गुण येतो असं दिसलं. इंग्लंडमध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, त्यातही कमी शिकलेल्या कार्यकर्त्यांनी दिलेली कृतीची थेरपी, मुरलेल्या मानसोपचारकांनी दिलेल्या बोधनिक थेरपीपेक्षा कमी पडली नाही. साधं असणं हीच या पद्धतीची ताकद आहे, कारण साधी गोष्ट शिकवता येते.

बोलून केलेला उपचार महाराष्ट्राला अनोळखी नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास सुरू केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मुंबईत रुजवली आणि मराठी वाचकांना तिची ओळख करून दिली. डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या ‘आयपीएच’ या संस्थेने ती मध्यमवर्गाच्या घरात नेली. प्रसंगापेक्षा प्रसंगाकडे बघण्याचा आपला दृष्टिकोन भावना घडवतो, हे तिचं म्हणणं हजारो मराठी माणसांच्या उपयोगी पडलं आहे. तरीही ते सगळीकडे सारखं लागू करता येत नाही. सोयाबीनचा भाव पडला आणि सावकार दारात उभा आहे, अशा माणसाला ‘तुझा दृष्टिकोन तपास’ म्हटलं, तर तो दोष त्याच्याच माथी मारल्यासारखा होतो. चांगला समुपदेशक असं करत नाही. पण सगळे समुपदेशक चांगले नसतात.

गोव्याच्या आकड्यांची दुसरी बाजूही नीट पाहायला हवी. भेटी न मिळालेल्यांतलेही ३९ टक्के लोक तीन महिन्यांत सावरले. पुष्कळ नैराश्य काळाबरोबर ओसरतं, हे खरंच आहे. म्हणजे शंभर जणांना भेटी दिल्या, तर त्यामुळे जास्तीचे पंचवीस जण बरे झाले. भेटी मिळूनही छत्तीस जण तीन महिन्यांनी आजारीच होते. वर्षभराने पुन्हा मोजलं, तेव्हा भेटींच्या गटात ६३ टक्के आणि दुसऱ्या गटात ४८ टक्के लोक बरे होते. फायदा टिकला, पण अंतर कमी झालं. शिवाय जगभरच्या मानसोपचारांच्या अभ्यासांत यशस्वी चाचण्या छापल्या जातात आणि फसलेल्या कपाटात राहतात, त्यामुळे थेरपीचा गुण प्रत्यक्षाहून थोडा जास्त दिसतो, हेही सिद्ध झालेलं आहे. चाचणीत देखरेख कडक असते. भेटींचं ध्वनिमुद्रण होतं, समुपदेशक एकमेकांचं काम ऐकून गुण देतात. सरकारी योजनेत हे कोण करणार, ही शंका रास्त आहे.

तरीही मला हे आकडे मोठे वाटतात. जास्तीचे पंचवीस लोक म्हणजे उपचार घेणाऱ्या चार जणांमागे एक घर. आणि तीन महिने आधी बरं होण्याची किंमत ज्याने ते तीन महिने काढले आहेत, त्यालाच कळते. त्या काळात नोकरी जाते, पोराची शाळा सुटते, काही जण जगत नाहीत. ‘आपोआप बरं होईल’ म्हणून कुणाला सोडून द्यायचं, तर आपोआप कुणाचं बरं होणार आहे, हे आधी ओळखता यायला हवं. ते कुणालाच येत नाही.

गोळ्यांबद्दल आपल्याकडे दोन टोकं आहेत. एकीकडे ‘सवय लागेल’, ‘वेड्याची गोळी’, ‘पोरीचं लग्न जमायचं आहे, चिठ्ठी घरात ठेवू नकोस’. दुसरीकडे पाच मिनिटांच्या तपासणीत चिठ्ठी लिहून मोकळे होणारे दवाखाने. २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाहिलेली २१ नैराश्यविरोधी औषधं सगळी खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, सरासरी फरक मात्र माफकच होता. नैराश्य जितकं तीव्र, तितकी औषधांची गरज अधिक. ती व्यसन लावणारी औषधं नाहीत, पण एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू उतरवावी लागतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरेच लोक दहाव्या दिवशीच सोडून देतात. सौम्य आजारात थेरपी आधी द्यावी, असा आज अनेक ठिकाणी कल आहे. इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात तसं स्पष्ट म्हटलं आहे. मध्यम आणि तीव्र आजारात औषध आणि थेरपी दोन्ही मिळून एकट्या औषधापेक्षा किंवा एकट्या थेरपीपेक्षा जास्त गुण देतात. थेरपीचा आणखी एक फायदा असा की ती संपल्यावरही तिचा असर मागे राहतो, कारण शिकलेली रीत माणसाकडे उरते.

थेरपीने भागणार नाही अशा जागाही आहेत, आणि थेरपीच्या समर्थकांनी त्या मोठ्याने सांगायला हव्यात. ज्याने खाणंपिणं सोडलं आहे, ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, जो मरण्याची तयारी करतो आहे, त्याला त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायला हवं. ज्याला मधूनमधून अतिउत्साहाचे झटके येतात, झोप न घेता पैसे उधळावेसे वाटतात, त्याला साधी नैराश्याची गोळी दिली तर झटका वाढू शकतो. तिथे निदानच वेगळं असतं. शॉक ट्रीटमेंटचं नाव काढलं की सिनेमातली किंचाळी आठवते, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल न देता ती करण्यास मनाई केली आहे, आणि अगदी तीव्र नैराश्यात ती जीव वाचवते.

या सगळ्याला सर्वांत भक्कम हरकत मात्र वेगळीच आहे. ती अशी: माणसं गरिबीने, कर्जाने, जातीच्या अपमानाने, नवऱ्याच्या मारहाणीने खचतात. त्यांच्या दारात समुपदेशक पाठवणं म्हणजे अन्यायाला आजाराचं लेबल लावून सरकारची सुटका करणं आहे. पुण्याच्या ‘बापू ट्रस्ट’च्या भार्गवी दावर यांनी मानसिक आरोग्याकडे हक्कांच्या बाजूने बघण्याचा आग्रह आयुष्यभर धरला, तो याच कारणाने. या हरकतीच्या बाजूने पुरावाही आहे. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना रोख मदत देण्याची योजना टप्प्याटप्प्याने सुरू झाली, तेव्हा जिथे ती पोचली तिथल्या आत्महत्या सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचं अर्थशास्त्रज्ञांना आढळलं. पीकविम्याचे पैसे वेळेवर देणं हे मानसिक आरोग्याचं काम आहे, असं म्हणणाऱ्याशी माझा वाद नाही.

पण या हरकतीतून ‘म्हणून थेरपी नको’ हा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. नैराश्य आलेल्या माणसाला अर्ज भरायला, तहसील कार्यालयात चार खेपा घालायला, भांडायला जी ताकद लागते, तीच आजाराने हिरावलेली असते. गोव्याच्या चाचणीत एक गोष्ट अशी आढळली की ती वाचून मी थांबलो: भेटी मिळालेल्या स्त्रियांनी नवऱ्याकडून मारहाण झाल्याचं कमी प्रमाणात सांगितलं, आणि जगणं नकोसं वाटण्याचे विचारही त्या गटात कमी झाले. भेटींमुळे नवरे सुधारले असा याचा अर्थ मी लावणार नाही. सावरलेली बाई आधी माहेरी फोन करते, शेजारणीकडे जाते, दार लावून घेते, पैसे बाजूला ठेवते, असं काहीसं होत असावं. मारहाणीचा बंदोबस्त पोलिसांनी आणि कायद्यानेच करायचा आहे. तोवर तिचं बळ परत येणं ही लहान गोष्ट नाही.

दोन्ही कामं एकत्र करता येतात, हे महाराष्ट्रातच करून पाहिलेलं आहे. डॉ. सौमित्र पाठारे आणि पुण्यातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम सुरू केला. गावातलीच प्रशिक्षित माणसं खचलेल्या माणसाशी काही बैठकांत बोलतात आणि त्याच वेळी विधवा पेन्शन, रोजगार हमी, अपंगत्वाचा दाखला अशा हक्काच्या योजनाही मिळवून द्यायला मदत करतात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, ते दीड वर्षात २७.२ टक्के झालं. म्हणजे तरीही बहात्तर-त्र्याहत्तर टक्के लोक बाहेरच राहिले. पण शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या मुलखात लोक मनाच्या आजारासाठी दार उघडत नाहीत, हा समज मात्र या प्रकल्पाने खोटा ठरवला.

आणखी एक म्हणणं आपल्याकडे वारंवार ऐकू येतं: पूर्वी माहेर होतं, जात्यावरच्या ओव्या होत्या, भजनी मंडळ होतं, वारी होती, ही थेरपी तेव्हा कुणाला लागत नव्हती. त्या काळी नैराश्य नव्हतं असं मानायला काही आधार नाही. विहिरीत पडलेल्या सुनांच्या कहाण्या प्रत्येक गावात आहेत. पण या गोष्टी मन धरून ठेवत होत्या आणि आजही ठेवतात, यात शंका नाही. अडचण एवढीच की नैराश्य माणसाला नेमकं याच सगळ्यातून उठवून घरात बसवतं. टाळांचा आवाज कानावर येत असूनही पाय उचलत नाही. चांगली समुपदेशक भजनी मंडळाची जागा घेत नाही, तिथे परत कसं जायचं याच्या पायऱ्या आखून देते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. अनोळखी तरुणाला प्रश्न न विचारता आसरा देणारी त्यातली जानकी पाहून प्रेम पुरेसं आहे, असा अर्थ अनेकांनी काढला. पण ती जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे, म्हणून तिला कधी गप्प राहायचं ते कळतं. घरच्यांना ते आपोआप कळत नाही, शिकवावं लागतं. “मन घट्ट कर”, “एवढं काय कमी आहे तुला”, “सकारात्मक विचार कर” ही वाक्यं प्रेमानेच बोलली जातात, आणि ऐकणाऱ्याला ती तू प्रयत्न करत नाहीस अशी ऐकू येतात.

मग हे काम कुणी करायचं? शहरात खासगी थेरपीच्या तासाला हजार-दीड हजार आणि त्याहून पुढे मोजावे लागतात. आठ भेटी म्हणजे अनेक घरांचा महिन्याचा किराणा. शिवाय पाटी लावणाऱ्या प्रत्येकाकडे प्रशिक्षण असेलच, याची खात्री नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, पण ‘समुपदेशक’ ही पाटी कुणीही लावू शकतो. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये कायदा झाला, त्याची घडी अजून बसायची आहे. तोवर थेरपी घेणाऱ्याने काही गोष्टी विचाराव्यात: तुमचं शिक्षण काय, कोणत्या पद्धतीने काम करता, किती भेटींनंतर आपण आढावा घेऊ. सहा-आठ भेटींनंतर काहीच हललं नसेल, तर पद्धत, समुपदेशक किंवा औषध यांचा फेरविचार व्हायला हवा. थेरपी घेऊन काही लोकांची अवस्था बिघडते हेही नोंदलेलं आहे. प्रवचन देणारा, गुपित बाहेर बोलणारा किंवा गोळ्या सोडायला सांगणारा समुपदेशक सोडून द्यावा. पैशांची अडचण असेल किंवा सुरुवात कुठून करायची ते कळत नसेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही, पैसे न लागता बोलता येतं.

खेड्यासाठी सगळ्यात सोपं उत्तर ‘आशाताई’ हे दिलं जातं. ते मला धोकादायक वाटतं. लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षणं, ॲपवरच्या नोंदी हे सगळं करून, मानधनासाठी वारंवार संपावर जावं लागणाऱ्या बाईच्या अंगावर आणखी एक काम टाकलं, तर ते कागदावरच होईल. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत राज्य सरकारने शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, तेव्हा आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेली माणसं शोधली. शोधण्याचं काम त्या उत्तम करतात. पण ओळखलेल्या माणसाला पुढच्या आठ आठवड्यांत आठ वेळा भेटणं हे पूर्ण वेळेचं काम आहे. त्याला स्वतंत्र माणूस हवा, महिन्याचा पगार हवा, आणि त्याचं काम दर आठवड्याला ऐकून त्याला सुधारणारा पर्यवेक्षक हवा. गोव्यात गुण आला तो या पर्यवेक्षणामुळे, असं माझं मत आहे. हाच भाग आधी कापला जाईल, अशी भीतीही मला वाटते.

२०१७ च्या कायद्याने सरकारी दवाखान्यात मानसिक आरोग्य सेवा मिळवण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. विमा कंपन्यांनी मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांसारखंच संरक्षण द्यावं, असंही त्यात आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून कागदावर आहे. पण जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे जायला एसटीचं भाडं लागतं आणि दिवसाची मजुरी बुडते, म्हणून पहिली चिठ्ठी घेतलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून हा उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळायला हवा. मधुमेहासाठी जशी साखर मोजतात, तसे ते नऊ प्रश्न तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आणि प्रत्येक बाळंतिणीला विचारले जावेत. पण ज्या केंद्रात पुढचे उपचार उभे आहेत तिथेच, कारण आजार सांगून हात वर करणं हे न सांगण्याहून वाईट आहे. सुरुवात त्या १४ जिल्ह्यांपासून व्हावी. तिथे कोणत्या गल्लीतल्या कोणत्या घरात माणूस महिनोन्‌महिने अंथरुणावरून उठलेला नाही, हे आशाताईंना ठाऊक आहे. प्रत्येक जिल्ह्यातल्या निवडक केंद्रांत दोन पगारी समुपदेशक, तालुक्याला एक पर्यवेक्षक आणि फोनवर उपलब्ध असणारा एक मनोविकारतज्ज्ञ, एवढ्याची तरतूद येत्या अर्थसंकल्पात करावी. दर तीन महिन्यांनी किती लोक बरे झाले आणि किती जण मधेच सुटले, हे दोन्ही आकडे सरकारने जाहीर करावेत.